पांढऱ्या पेशींचा काउंट आणि तातडीचा विभाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्रपाळीत कानावर हमखास पडणारं वाक्य म्हणजे "काउंट वाढलाय." आणि लगेच पुढचं: "अँटिबायोटिक सुरू करू का?" या दोन वाक्यांच्या मध्ये दोन-चार प्रश्न विचारायचे राहून जातात, ते विचारायची सवय लागावी म्हणून हे लिहिलं आहे. नव्याने इमर्जन्सीची ड्युटी करणारे डॉक्टर आणि नर्स डोळ्यांसमोर आहेत. पण घरच्या माणसाचा रिपोर्ट हातात घेऊन बाहेर बाकावर बसलेल्यांनाही यातलं बरंच कळेल.

नॉर्मल काउंट किती धरायचा?

प्रौढांमध्ये एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ४,००० ते ११,०००. लॅबनुसार ही हद्द थोडी इकडेतिकडे होते. पण या हद्दीपेक्षा त्या माणसाचा स्वतःचा जुना आकडा जास्त कामाचा. रोज सिगारेट ओढणाऱ्याचा काउंट कायम थोडा चढा असू शकतो, प्लीहा काढलेल्या माणसाचाही. ज्याचा काउंट नेहमी ३,५०० असतो त्याच्यासाठी ९,५०० ही मोठी उडी आहे, आणि रिपोर्टवर मात्र त्यापुढे एकही खूण नसते. म्हणून नातेवाइकांना पहिला प्रश्न हाच विचारा: "आधीचा रिपोर्ट आहे का? मोबाइलमध्ये फोटो असला तरी चालेल."

काउंट वाढला म्हणजे इन्फेक्शन, असंच ना?

नाही. याची मुळं समजून घेतली की पुढचा अर्धा गोंधळ संपतो.

न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. रक्तवाहिन्यांमधले सगळे न्यूट्रोफिल प्रवाहाबरोबर फिरत नसतात. जवळपास निम्मे वाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेले असतात. सुईत येतं ते वाहणारं रक्त, त्यामुळे भिंतीवरचे मोजणीत येतच नाहीत. शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन उसळलं की हे चिकटलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि काही मिनिटांत काउंट बराच वर जातो. नवीन पेशी एकही तयार झालेली नसते. फिट, अपघात, हाड मोडणं, तीव्र वेदना, दम्याचा अटॅक, नेब्युलायझरमधलं सालब्युटामॉल, जोराच्या उलट्या, हार्ट अटॅक या सगळ्यांत हे होतं.

माझ्या पाहण्यातला एक तरुण. मोठी फिट येऊन गेली होती, अजून गुंगीत होता, अंगाला घाम, ताप नाही, मान मऊ. काउंट १९,०००. मेंदूज्वर धरून पाठीतून पाणी काढायची तयारी सुरू झाली होती. त्याचा भाऊ म्हणाला, चार दिवसांपासून गोळ्या संपल्यात. आम्ही थांबलो, दर अर्ध्या तासाला त्याच्याजवळ जाऊन बघत राहिलो. तीन तासांनी तो उठून बसला, पाणी मागितलं, आणि दुसऱ्या सँपलमध्ये काउंट १०,८०० होता. ताप असता, मान कडक असती किंवा तो शुद्धीवर येत नसता, तर आम्ही एक मिनिटही थांबलो नसतो. तिथे निर्णय माणसाकडे बघून झाला, आणि दुसऱ्या काउंटने त्याला दुजोरा दिला.

पेशंट स्टिरॉइडवर आहे. मग वाढलेला काउंट सोडून द्यायचा का?

सोडून द्यायचा नाही, पण वेगळ्या नजरेने बघायचा. स्टिरॉइडमुळे न्यूट्रोफिल भिंतीवरून सुटतात, बोन मॅरोतून (हाडांमधल्या, रक्तपेशी तयार करणाऱ्या मगजातून) बाहेर पडतात आणि रक्तातून ऊतींमध्ये जाणं कमी होतं. पहिल्या डोसनंतर काही तासांतच काउंट चढतो. १५,००० ते २०,००० दिसणं नवलाचं नाही. अशा वेळी बँड, म्हणजे अपक्व न्यूट्रोफिल, सहसा फारसे वाढत नाहीत. बँड बरेच असतील किंवा स्मिअरमध्ये (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेल्या रक्तात) टॉक्सिक ग्रॅन्युल्स, म्हणजे न्यूट्रोफिलमधले गडद कण, दिसत असतील, तर स्टिरॉइडवर बिल फाडू नका, इन्फेक्शन शोधा. शिवाय स्टिरॉइड ताप आणि पोटाचा कडकपणा दोन्ही झाकतं. लिथियमनेही काउंट वाढतो. न्यूट्रोफिल वाढवायचं इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये तर काउंटबरोबर बँडही वाढतात, म्हणून कॅन्सरच्या पेशंटला ते इंजेक्शन कधी घेतलं हे आवर्जून विचारा.

काउंट नॉर्मल आला. इन्फेक्शन नाही असं लिहू का?

असं कधीच लिहू नका. नॉर्मल काउंटवर विसंबून घरी पाठवलेले पेशंट परत येतात तेव्हा जास्त आजारी असतात.

अपेंडिक्सचंच घ्या. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अल्व्हराडो स्कोअरमध्ये एकूण १० गुण, त्यातले २ वाढलेल्या काउंटचे. म्हणजे काउंट नॉर्मल असूनही ८ गुण होऊ शकतात. उजव्या बाजूला खाली बोट ठेवल्यावर पेशंट दचकतो की नाही, हे रिपोर्टच्या कागदावर छापून येत नाही.

म्हाताऱ्या माणसांबाबत तर जास्तच सावध राहायला हवं. वयामुळे प्रतिसाद मंदावतो; न्यूमोनिया असतो, लघवीचं इन्फेक्शन रक्तात उतरलेलं असतं, आणि काउंट ८,०००, ताप शून्य. घरचे एवढंच सांगतात की "सकाळपासून काहीतरी असंबद्ध बोलतायत, जेवलेले नाहीत." हे वाक्य मला १८,००० च्या काउंटपेक्षा जास्त काळजीत टाकतं.

सेप्सिसच्या निकषांत काउंटचं स्थान काय?

१९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसआयआरएस (शरीरभर उसळलेल्या दाहाच्या) निकषांमध्ये १२,००० च्या वर, ४,००० च्या खाली किंवा १० टक्क्यांहून जास्त बँड, असा एक निकष होता. २०१६ च्या व्याख्येने सेप्सिसचा अर्थ बदलला: इन्फेक्शनला शरीराने दिलेल्या बिघडलेल्या प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणं. ते मोजणाऱ्या सोफा स्कोअरमध्ये प्लेटलेट आहेत, पांढऱ्या पेशी नाहीत. काउंट आजही संशय जागा करायला चांगला आहे. पण श्वासाचा वेग, रक्तदाब, शुद्ध, लघवीचं प्रमाण आणि लॅक्टेट यांच्या रांगेत तो पुढे उभा राहत नाही.

डिफरन्शियलमध्ये आधी काय बघू?

एकूण आकडा बघून कागद बाजूला ठेवायचा मोह होतो, पण खरी माहिती खालच्या पाच ओळींत असते: पांढऱ्या पेशींच्या पाच प्रकारांची टक्केवारी, तीच डिफरन्शियल.

न्यूट्रोफिल वाढले आणि बँडही वाढले, म्हणजे मॅरोवर मागणीचा ताण आहे आणि तो अर्धवट तयार झालेले शिपाईही रणात पाठवतोय. एकूण काउंट ७,००० असूनही बँड २० टक्के असतील तर तो रिपोर्ट नॉर्मल नाही. आणि काउंट कमी असून बँड जास्त असतील तर पेशी तयार होण्यापेक्षा वेगाने खर्च होत आहेत. असा पेशंट कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवू नका.

लिम्फोसाइट वाढले तर बहुधा व्हायरल. घसा सुजलेला, मानेत गाठी, स्मिअरमध्ये वेगळ्या दिसणाऱ्या मोठ्या लिम्फोसाइट, असा तरुण असेल तर ग्रंथीज्वर आठवा. तान्ह्या बाळाला खोकल्याच्या उबळी येत असतील आणि लिम्फोसाइट खूप वाढले असतील तर डांग्या खोकला. त्यात काउंट झपाट्याने चढत असेल तर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढून बाळ अचानक कोसळू शकतं, म्हणून असं बाळ अतिदक्षता विभागात हवं.

इओसिनोफिल वाढले की जंत, अ‍ॅलर्जी, दमा ही नावं तोंडपाठ असतात. तातडीच्या विभागात आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. नवीन औषध सुरू केल्यानंतर काही आठवड्यांनी ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज आणि वाढलेले इओसिनोफिल दिसले तर ती औषधाची गंभीर रिअ‍ॅक्शन असू शकते, तेव्हा लिव्हरच्या तपासण्या लगेच पाठवा. दुसरी, स्ट्राँगिलॉइड नावाचा जंत. तो असताना स्टिरॉइडचा मोठा डोस दिला तर अळ्या शरीरभर पसरतात आणि जीव जाऊ शकतो. इओसिनोफिल वाढलेल्या पेशंटला स्टिरॉइड लिहिण्याआधी पेन क्षणभर थांबायला हवं.

काउंट कमी आहे. किती घाबरायचं?

एकूण काउंटवरून ठरवू नका. न्यूट्रोफिलचा प्रत्यक्ष आकडा काढा: एकूण काउंट गुणिले न्यूट्रोफिल आणि बँड यांची मिळून टक्केवारी, भागिले १००.

दोन रिपोर्ट शेजारी ठेवा. पहिल्यात काउंट ३,२००, न्यूट्रोफिल ७० टक्के. हिशेब २,२४०. ठीक आहे. दुसऱ्यात काउंट १,८००, न्यूट्रोफिल २२ आणि बँड ३ टक्के. हिशेब ४५०, आणि हा माणूस धोक्यात आहे. १,५०० च्या खाली न्यूट्रोफिल कमी म्हणतात, ५०० च्या खाली गंभीर, १०० च्या खाली अतिगंभीर. हा गुणाकार रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनाने करून ठेवला तर पुढच्या पाळीच्या डॉक्टरचंही काम सोपं होतं.

केमोथेरपी चालू आहे आणि ताप आलाय. काय करायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

एकदा मोजून १०१ फॅरनहाइट किंवा जास्त, किंवा तासभर टिकलेला १००.४, आणि न्यूट्रोफिल ५०० च्या खाली किंवा येत्या ४८ तासांत तिथे जाण्याची चिन्हं: ही तातडी हार्ट अटॅकच्या तोडीची समजा. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत न्यूट्रोफिल तळाला जातात, म्हणून "शेवटची केमो कधी झाली?" हा प्रश्न दारातच विचारा. पेशंट आल्यापासून तासाभरात पहिलं अँटिबायोटिक शिरेतून गेलं पाहिजे. स्युडोमोनास या चिवट जंतूला पुरून उरणारं हवं: पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, सेफेपिम किंवा मेरोपेनेम, तुमच्या रुग्णालयाच्या धोरणानुसार. कल्चर (जंतू वाढतात का हे बघायचं रक्त) आधी घ्या, केंद्रीय लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असेल तर तिच्यातूनही घ्या. पण कल्चरची बाटली सापडत नाही म्हणून औषध अडवून ठेवू नका, आणि काउंटच्या रिपोर्टची वाटही बघू नका.

हे पेशंट फसवतात, कारण पू हा न्यूट्रोफिलनीच बनतो. न्यूट्रोफिल नसले की फोड नुसता लालसर दिसतो, लघवीत पस सेल सापडत नाहीत, न्यूमोनिया असूनही एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. एका बाईंच्या छातीवरच्या पोर्टभोवती (केमो देण्यासाठी त्वचेखाली बसवलेल्या डबीभोवती) फक्त रुपयाएवढी गुलाबी कड होती, तीही गाऊन बाजूला केल्यावर दिसली. दुसऱ्या दिवशी त्याच पोर्टमधल्या कल्चरमध्ये जंतू वाढले. म्हणून कपडे काढून नीट तपासा: तोंडाच्या आत, काखेत, जांघेत, लाइनभोवती. गुदद्वाराभोवती फक्त डोळ्यांनी बघा, बोटाने तपासणी नको, थर्मामीटर तिथे लावू नका, एनिमा किंवा सपोझिटरी देऊ नका. नाजूक आवरणाला ओरखडा गेला तर आतड्यातले जंतू रक्तात जायला वाट मिळते. उजव्या बाजूला खाली पोट दुखत असेल तर मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला येणारी सूजही आठवा, ती केमोच्या पेशंटमध्येच जास्त दिसते.

ताप नसला तरी असा पेशंट गळून गेला असेल, रक्तदाब उतरला असेल, तर उपचार तेच.

केमो नाही, तरी न्यूट्रोफिल खूप कमी आहेत. कारण काय असेल?

आधी औषधांची पिशवी उलटी करून बघा. थायरॉइडसाठीचं कार्बिमाझोल, मनोविकारासाठीचं क्लोझापिन, सल्फासालाझिन, को-ट्रायमोक्साझोल, मेथोट्रेक्सेट ही नावं शोधा. कार्बिमाझोलने न्यूट्रोफिल कोसळतात ते बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. पेशंट येतो तो घसा दुखतोय आणि ताप आहे एवढंच सांगत, आणि घशाच्या गोळ्या घेऊन परत पाठवला जाण्याची भीती असते. कार्बिमाझोल घेणाऱ्याचा घसा दुखला की गोळी बंद आणि सीबीसी (रक्तपेशींची संपूर्ण मोजणी) त्याच दिवशी.

डेंग्यू, टायफॉइड, मलेरिया आणि कितीतरी व्हायरल तापांत काउंट खाली येतो. डेंग्यूत काउंट आधी उतरतो, प्लेटलेट मागून, म्हणून तापाच्या तिसऱ्या दिवशीचा २,८०० हा उपयोगी इशारा असतो. आफ्रिकी आणि मध्यपूर्वेतल्या वंशाच्या काही लोकांमध्ये रक्तातल्या डफी घटकाच्या अभावामुळे न्यूट्रोफिल जन्मभर कमी असतात. त्यांना इन्फेक्शनचा जास्त धोका नसतो, उगीच घाबरवू नका.

काउंट कमी आणि जोडीला हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर निळे डाग असतील तर मात्र रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार, प्रोमायलोसाइटिक ल्युकेमिया, मनात हवा. त्यात काउंट बऱ्याचदा कमीच असतो, आणि मेंदूत रक्तस्राव होऊन पहिल्या काही दिवसांत माणूस दगावू शकतो. हा संशय पक्का व्हायची वाट न बघता ट्रेटिनॉइन हे त्यावरचं औषध सुरू करतात, कारण वेळेत पकडला तर हा ल्युकेमिया बरा होण्याची शक्यता फार चांगली असते.

काउंट ५०,००० च्या वर गेला तर तो कॅन्सरच का?

तसं नाही. जबर इन्फेक्शनमध्ये, विशेषतः अँटिबायोटिकनंतर क्लोस्ट्रिडियमच्या जुलाबांत, इतका काउंट जाऊ शकतो. जुनाट मायलॉइड ल्युकेमियात प्लीहा मोठी असते, बेसोफिल वाढलेले असतात, आणि पेशंट आकड्याच्या मानाने बरा दिसतो. स्मिअर पाहिल्याशिवाय यावर बोलू नये.

एक लाखाच्या वर असेल तर?

मग पेशी कुठल्या, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. तीव्र मायलॉइड ल्युकेमियातल्या ब्लास्ट, म्हणजे अगदी कच्च्या, पेशी मोठ्या आणि चिकट असतात. त्या फुप्फुसांच्या आणि मेंदूच्या बारीक वाहिन्या तुंबवतात: धाप, गोंधळ, डोकेदुखी, अंधुक दिसणं. उलट वृद्धांच्या जुनाट लिम्फोसायटिक ल्युकेमियात काउंट त्याहून कितीतरी जास्त असूनही माणूस चालत येतो, आणि त्याला रात्रीत काही करावं लागत नाही.

ब्लास्ट असतील आणि लक्षणं असतील तर रक्तविकारतज्ज्ञांना तेव्हाच फोन करा. सलाइन चालू करा, हायड्रॉक्सीयुरिया आणि गरज पडल्यास यंत्राने पांढऱ्या पेशी काढणं हे त्यांच्या सल्ल्याने. हिमोग्लोबिन ६ दिसलं म्हणून घाईने लाल रक्त चढवू नका, त्याने रक्त आणखी घट्ट होतं. प्लेटलेट देता येतात. पोटॅशियम, फॉस्फेट, कॅल्शियम, युरिक अ‍ॅसिड, क्रिअ‍ॅटिनिन, रक्त गोठण्याच्या तपासण्या आणि फायब्रिनोजेन पाठवा. छातीचा एक्स-रे आधी बघा. छातीच्या मध्यभागी मोठी गाठ असेल तर पेशंटला, विशेषतः मुलाला, सपाट झोपवून गुंगीचं औषध देणं जिवावर बेतू शकतं. आणि निदान होण्याआधी स्टिरॉइड देऊ नका: निदान पुसट होतं आणि पेशी एकदम फुटून किडनी अडचणीत येते.

दोन खोटे रिपोर्टही इथे भेटतात. ट्यूबमधल्या पांढऱ्या पेशी ऑक्सिजन खाऊन टाकतात, त्यामुळे धमनीच्या रक्तात तो फार कमी दिसतो आणि बोटावरचा ऑक्सिमीटर ९६ दाखवतो. बोटावर विश्वास ठेवा, सँपल बर्फात पाठवा. तसंच नाजूक पेशी ट्यूबमध्ये फुटून पोटॅशियम खोटंच वाढलेलं येतं. ईसीजी काढा आणि सँपल न हलवता हाताने लॅबला न्या.

मशीन चुकतं का?

चुकतं. साधं मशीन आकारावरून पेशी ओळखतं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये प्लेटलेटचे पुंजके झाले तर त्यांनाही ते पांढऱ्या पेशी समजू शकतं. काउंट जास्त आणि प्लेटलेट कमी, अशी दुहेरी फसगत. केंद्रक असलेल्या अपक्व लाल पेशींचंही तेच. दर १०० पांढऱ्या पेशींमागे अशा १०० असतील तर मशीनचा २०,००० हा खरा १०,००० असतो. रिपोर्टवर मशीनने खूण केली असेल तर लॅबमधल्या माणसाला फोन करून "स्मिअर बघाल का?" एवढं विचारा.

लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया?

नवजात बाळाचा काउंट ९,००० ते ३०,००० असू शकतो. चार-पाच वर्षांपर्यंत लिम्फोसाइट न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असतात, तेव्हा "लिम्फोसाइट ५५ टक्के" हे दोन वर्षांच्या मुलाचं दुखणं नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर चांगल्या काउंटवर समाधान मानू नका. आता प्रोकॅल्सिटोनिन आणि सीआरपी या रक्ततपासण्या आणि न्यूट्रोफिलचा प्रत्यक्ष आकडा यांवर जास्त भर असतो. गरोदरपणात १५,००० पर्यंत आणि कळांच्या वेळी २५,००० पर्यंतही काउंट इन्फेक्शनशिवाय दिसतो.

काउंट पुन्हा कधी करू?

उत्तराने निर्णय बदलणार असेल तेव्हा. फिटनंतर तीन-चार तासांनी, पोटदुखी संशयास्पद असेल तर सहा ते बारा तासांनी, पोटावर पुन्हा हात ठेवून झाल्यावर.

घरी सोडताना नातेवाइकांना काय सांगायचं?

"काउंट थोडा जास्त आहे, काळजी करू नका" असं म्हणून सोडू नका, ते घरी जाऊन काळजीच करतात. काउंट कशाने वाढला असावा असं तुम्हाला वाटतं ते साध्या शब्दांत सांगा, आणि परत कधी यायचं ते कागदावर लिहून द्या: थंडी वाजून ताप, धाप, गुंगी, लघवी कमी होणं, पोटदुखी वाढणं, अंगावर डाग. वयस्क माणसाचे लिम्फोसाइट ५,००० च्या वर असतील आणि बाकी तब्येत ठीक असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा सीबीसी आणि ओपीडी. ब्लास्ट दिसले असतील तर घरी सोडायचं नाही, रविवार असला तरी. केमोच्या पेशंटच्या घरी थर्मामीटर आहे का विचारा. आणि १००.४ दिसलं की पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट न बघता निघायचं, हे त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या.